पपईचा पंडुम

माझ्या कार्डावर ‘लँडस्केप डिझायनर’ असं छापलेलं होतं. गडचिरोलीत ते कार्ड हातात घेऊन लोक दोन प्रश्न विचारायचे. पहिला, “म्हंजे माळी काय?” आणि दुसरा, “कलमी आंबा हाये काय तुमच्याजवळ?” पहिल्या प्रश्नाचा सुरुवातीला मला भारी राग यायचा. पुढे येईनासा झाला. माळ्याला निदान झाड कळतं. मी पदविका घेतली तेव्हा मला फक्त झाडांची नावं कळत होती.

हा धंदा काय असतो ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. इमारत बांधून झाली की तिच्याभोवती जी जमीन उरते, तिचं काय करायचं हे ठरवणं म्हणजे आमचं काम. पाणी कुठून येतं आणि कुठे जाऊन साचतं, दुपारची सावली कुठे पडते, आखलेली वाट सोडून माणसं तिरपी कुठून घुसतात, हे आधी बघायचं. मग नकाशा काढायचा. मग झाडांची यादी करायची: नाव, उंची, पसारा, पाणी किती, फूल कोणत्या महिन्यात. हिरवळ आणि कारंजं सगळ्यात शेवटी येतं. गिऱ्हाइकाला मात्र नेमकं तेवढंच पाहिजे असतं.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटली. एका ठेकेदाराच्या आवारात आठ सागवान उभे होते, ओळंब्यात धरावेत इतके सरळ. मला म्हणाला, “हे जंगली दिसते, शेखभाऊ. ते सिनेमात टोकदार झाड राह्यते ना, ते लावा.” सागवान कापले गेले, सुरूची रांग लागली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती वाळून खराट्यासारखी झाली. जंगलात जन्म काढून जंगलाची लाज वाटणारी माणसं मी आमच्याच भागात पाहिली. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एका पोलीस तळाचे अधिकारी. त्यांची अट एकच होती, गुडघ्याच्या वर काही वाढता कामा नये. ज्याच्यामागे माणूस बसू शकेल असं एकही झुडूप नको. “साहेब, मग बगिचा कशाचा करू?” म्हटलं, तर म्हणाले, “ते तुम्ही शिकून आले ना?” मी चिनी गुलाब आणि दूर्वा लावून दिल्या. सावली हा दोष मानून केलेला माझ्या आयुष्यातला तेवढाच एक बगिचा. ते दिवसच तसे होते, आणि त्या अधिकाऱ्यांना हसावं असं तेव्हाही वाटलं नाही.

पण हे सगळं पदविकेनंतरचं. पदविका कशी मिळाली ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या व्यवसायातले गमतीचे अनुभव’ मागितले आहेत. गमतीचे होते ते दोन वर दिले.

मी मूळचा सिंदेवाहीचा. अब्बा बोर्ड रंगवायचे. तिथल्या भात संशोधन केंद्राच्या वाफ्यांत रोवायच्या पत्र्याच्या पाट्याही त्यांच्याकडे यायच्या आणि मी त्यांच्यासोबत जायचो. आखीव बांध, सरळ रांगा, प्रत्येक वाफ्याला नाव. जमीन अशी मांडता येते हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं आणि ते डोक्यात बसलं. पुढे गडचिरोलीला एका सरकारी बांधकाम कार्यालयात आरेखक म्हणून लागलो. दुसऱ्याने ठरवलेल्या भिंती रेघांनी काढण्यात पंधरा वर्षं गेली. अडतिसाव्या वर्षी कळलं की नागपूरला शनिवार-रविवारी लँडस्केपचा दोन वर्षांचा पदविका वर्ग आहे. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. घरात अम्मीने विचारलं, “इस उमर में पढ़ के क्या करेगा रे?” मला त्या कार्यालयातून बाहेर पडायचं होतं, एवढंच उत्तर होतं.

वर्गातली बाकीची मुलं आर्किटेक्टांची पोरंपोरी. मी शुक्रवारी संध्याकाळी एसटीत बसायचो, दप्तरात शब्दकोश. पुस्तकं इंग्रजीत, एकेका पानाला तास लागायचा. झाडांची शास्त्रीय नावं मी कलमा पाठ करावा तशी पाठ केली. आमच्या काळे मॅडम कडक, पण मला मानायच्या. “शेख, तुमच्याकडे जे आहे ते या पोरांकडे नाही. तुम्ही जंगलातून येता,” असं त्या म्हणायच्या. मी मान हलवायचो. मी जंगलातून नव्हतो येत, जंगलाशेजारच्या बाजारगावातून येत होतो. तो फरक त्यांना ठाऊक नव्हता आणि मीही सांगितला नाही, कारण त्या समजुतीचे मला गुण मिळत होते.

पदविकेसाठी एक खरी जागा घेऊन तिथे काम उभं करायचं आणि शेवटी ते ज्युरीपुढे मांडायचं, असा नियम होता. ज्युरी म्हणजे तोंडी परीक्षा. भिंतीवर नकाशे टांगायचे, समोर तीन परीक्षक बसणार आणि आपण उभं राहायचं. लोकांचा सहभाग किती, याला वेगळे गुण होते. मी एटापल्ली तालुक्यातलं मुलींचं एक वसतिगृह निवडलं. माडिया गोंड पोरी, पहिली ते सातवी. आवार उघडंबोडकं, तारेचं कुंपण जागोजागी वाकलेलं, गावच्या शेळ्या आत येऊन काहीच टिकू देत नव्हत्या. अधीक्षिका बोरकरबाई ब्रह्मपुरीकडच्या, तोंडाने फटकळ आणि पोरींसाठी जीव टाकणाऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “भाऊ, काई लावा, पण शेळ्या खाणार नाई असं लावा. नाईतर मले रोज काठी घेऊन बसा लागते.”

मी कुंपणासाठी पिवळी कण्हेर निवडली. बाराही महिने हिरवी, पिवळी धमक फुलं, पाणी कमी, वाढ झटपट. यादीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘शेळ्या तोंड लावत नाहीत.’ काळे मॅडमनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून बाजूला ‘उत्तम’ लिहिलं. आत पपई, पेरू, बांधावर शेवगा. पहिल्या पावसाळ्यात कमरेएवढी रोपं लावली. प्रत्येक पोरीला एक झाड दिलं आणि अब्बांसारख्याच पत्र्याच्या पाट्या करून त्यावर पोरींची नावं रंगवली. ही माझी युक्ती. आपल्या नावाचं झाड कोणी मरू देत नाही, आणि ज्युरीत ते छान दिसतं.

चैती नावाची तिसरीतली पोर होती. तिच्या वाट्याला कुंपणातली कण्हेर आली. पेरू मिळालेल्या पोरी तिला चिडवायच्या. मी गेलो की माझ्यामागे येऊन ती विचारायची, “माझं झाड काय देते?”

“फूल देते.”

“न मंग?”

“मंग फळ.”

हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तिने मान डोलवली आणि पाण्याचा गुंड उचलून गेली. तिच्या आळ्यात कधी कोरडी माती दिसली नाही.

वर्ष-दीड वर्षात आवार ओळखू येईना. पपया पिकू लागल्या आणि तिथेच घोडं अडलं. बोरकरबाई मला दाखवायला घेऊन गेल्या. झाडाखाली पपया फुटून पडलेल्या, माश्या घोंघावत होत्या. “पाहा भाऊ, पिकून पिकून पडून राह्यल्या. सांगून सांगून थकली मी. एकबी पोरगी हात नाई लावत.”

“काऊन?”

“पंडुम नाई झाला म्हणते.”

पंडुम म्हणजे माडियांचा नव्याचा सण. आंबा असो, मोह असो, शेतातलं धान असो, गावाचा गायता, म्हणजे पुजारी, देवाला दाखवून मोकळीक देत नाही तोवर नवं फळ कोणी तोंडात घालत नाही. मोठी माणसं घालत नाहीत आणि चार वर्षांचं पोरही घालत नाही. ज्याचा पंडुम झाला नाही ते खायचं नाही. शहरातली माणसं याला अंधश्रद्धा म्हणतात. मी तेव्हा तोंडाने काही म्हणालो नाही, पण मला त्यात एक छान फोटो दिसला. लोकांचा सहभाग याहून जास्त काय असतो?

लालसू गायता साठीचा होता. बारीक अंगकाठी, बोलणं तुटक, मराठी मोजकीच. त्याच्या पडवीत बसून मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. “पपईचा पंडुम नसते, भाऊ. ते घरचं झाड. आंब्याचा राह्यते, मोहाचा राह्यते.”

“पण पोरी खात नाहीत ना, लालसूदादा. तुम्ही केलात तर खातील. आणि मला परीक्षेला दाखवायचं आहे. फोटो काढतो.”

“परीक्षा हाये?”

“हो. यात पास झालो तर माझं काम बदलेल.”

तो म्हणाला, “तुयं काम होत असन तर करतो.”

ठरल्या दिवशी तो आला. सोबत गावातली चार माणसं, तांदूळ, मोहाची दारू, एक कोंबडी. पोरी रांगेत बसल्या. मी कॅमेरा घेऊन उन्हाची दिशा बघत होतो. लालसूने आवारावर नजर फिरवली आणि मला विचारलं, “कोण्या झाडाचा करू?”

पपई, आणि फार तर पेरू, एवढंच म्हणायचं होतं. पण ऊन उतरत चाललं होतं, कोंबडी फडफडत होती आणि माझ्या डोक्यात अख्खं आवार फोटोत आलं पाहिजे हे होतं. मी म्हणालो, “सगळ्याचाच करून टाका ना, दादा. पूरा बगिचा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तांदूळ घेऊन त्याने आवाराच्या चारी बाजूंनी फेरी घातली, कुंपणाच्या कडेकडेने, प्रत्येक बाजूला थांबून. फोटो सुरेख आले. त्या संध्याकाळी पोरींनी पपया खाल्ल्या. हनुवटीवरून रस गळत होता आणि बोरकरबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

नवव्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन आला. पाच पोरींना उलट्या होत आहेत, जीपने गडचिरोलीला आणत आहेत. मी रुग्णालयात पोचलो तेव्हा त्या खाटांवर होत्या. डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, काय खाल्लं? बोरकरबाईंनी पदराची गाठ सोडली. आत हिरवी, कोनदार फळं होती आणि दगडाने फोडलेल्या बिया. आमच्याकडे चारोळी दगडाने फोडून आतला गर खातात, तशाच.

“हे कशाचं आहे? कोणाला माहिती आहे?”

मी सांगितलं. पिवळी कण्हेर हे मराठी नाव, शास्त्रीय नाव, कूळ, सगळं. परीक्षेत विचारल्यासारखं तोंडातून धडाधड बाहेर आलं. डॉक्टरांनी विचारलं, “विषारी आहे, माहीत होतं?”

“हो,” म्हणालो. खरंच माहीत होतं. पुस्तकात एक ओळ होती, सगळे भाग विषारी. ती मी पाठ केली होती आणि पहिल्या वर्षाच्या पेपरात लिहिलीही होती. पण ती लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर झाड नव्हतं, गुण होते. शेळ्या का तोंड लावत नाहीत याचं उत्तर माझ्याच वहीत पडलेलं होतं. डॉक्टर पोरींकडे वळले. त्यांना तेवढी सवड नव्हती.

चार पोरी वाचल्या. चैती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिनेच सगळ्यात जास्त खाल्लं होतं. तिच्या नावाचं झाड होतं, बाकीच्यांना वाटून उरलेलं तिचं. नाडी मंद होत होत थांबली. तिचा बाप भिंतीला टेकून उकिडवा बसलेला होता. मी त्याच्यासमोरून दोनदा गेलो. त्याने मला ओळखलं नाही आणि मी ओळख दिली नाही. ती माझी पहिली चुकारपणाची खेप.

दुसऱ्या दिवशी दोन मजूर घेऊन मी ती सगळी कण्हेर मुळासकट काढली आणि पुरली. कागदोपत्री कोणीतरी ‘जंगली फळ खाल्ल्याने’ असं लिहिलं. ते फळ जंगलातलं नव्हतं. जंगलातल्या प्रत्येक फळाची त्या पोरींना खडान्‌खडा माहिती होती. हे नागपूरच्या रोपवाटिकेतून, माझ्या यादीतून आलेलं होतं. मी तो कागद पाहिला आणि गप्प बसलो.

महिनाभराने बोरकरबाई बैठकीसाठी गडचिरोलीला आल्या. एसटी स्टँडवर भेटल्या. चहा समोर तसाच ठेवून म्हणाल्या, “शेखभाऊ, गाव लालसूवर उलटलं. ह्यानं पंडुम चुकवला म्हणून पोरगी गेली म्हणते. बियाण्याचा पंडुम ह्याच्या हातून नाई करायचा म्हणून राह्यले. पुतण्याले बसवून राह्यले त्याच्या जागी.”

“आणि लालसूदादा?”

“तो काई बोलत नाई. तुमचं नाव बी नाई घेतलं त्यानं. भाऊ, तुम्ही जाऊन सांगा न गावात. म्हणा का मी म्हटलो होतो सगळ्याचा कर म्हणून. त्या झाडाचं त्याले काय मालूम? म्हाताऱ्याचं काम जाऊन राह्यलं.”

पेरणीआधी बियाणं देवापुढे ठेवतात, तो पंडुम मेच्या तिसऱ्या आठवड्यात होता. माझी ज्युरी त्याच आठवड्यात. गावात जाऊन सांगायचं म्हणजे ते कागदावर येणार, कागदावर आलं की नकाशावरची माझी सही निघणार, नोकरी आणि पदविका दोन्ही जाणार. हे मी बाईंना सांगितलं नाही. म्हणालो, “ज्युरी झाली की लगेच जातो.”

बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. चहा न पिताच त्या उठल्या.

ज्युरीत मी नकाशे टांगले. पंडुमचा फोटो मधोमध. दोन्ही बाहेरचे परीक्षक खुश होते. एक म्हणाले, परंपरेला डिझाइनमध्ये इतकं सहज आणलेलं आम्ही पाहिलं नाही. मग काळे मॅडमनी कुंपणावर बोट ठेवलं. “नकाशात इथे पिवळी कण्हेर आहे. शेवटच्या फोटोत नाही. काय झालं?”

मी म्हणालो, “शेळ्यांनी खाल्ली, मॅडम.”

खोलीत तिघे परीक्षक होते, पण त्यातल्या एकट्या मॅडमना झाडं खरी कळत होती. माझ्या यादीतली ती ओळ त्यांनीच लाल केली होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली. मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “ठीक आहे. पुढे.” मी पहिल्या वर्गात पास झालो. मॅडम त्यानंतर माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. त्यांना काय कळलं होतं आणि त्या का थांबल्या, हे मी विचारायला गेलो नाही.

निकाल लागल्यावर चार दिवसांनी एटापल्लीची एसटी धरली. गावात माणसं जमवली आणि सगळं सांगितलं. झाड मी आणलं, ते विषारी आहे हे मला माहीत होतं, आणि सगळ्याचा पंडुम कर हे मीच म्हणालो. चैतीचा बाप मागे बसलेला होता. तो उठून निघून गेला. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. एक म्हातारा शेवटी म्हणाला, “तू आधी आला असता तर पाह्यलं असतं. आता बियाणं पुतण्याच्या हातून गेलं. या सालचं ते झालं. फिरवता नाई येत.”

गावाच्या पूजेचा हात एकदा बदलला की बदलला. आठ दिवस आधी आलो असतो तर बदलला नसता. त्या आठ दिवसांत मी काय करत होतो ते वर लिहिलंच आहे. त्यानंतर माझ्या प्रत्येक यादीत मी ‘विषारी’ असा एक रकाना घातला, गिऱ्हाईक हसलं तरी. धंदा पंचवीस वर्षं चांगला चालला. पण तो त्या आठ दिवसांवर उभा होता, हे मला रोज ठाऊक होतं.

निघताना लालसूच्या घरी गेलो. तो पडवीत मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, फोडत बसला होता. मी खाली बसलो आणि त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले.

“दादा, चूक माझी होती.”

“तू म्हटला,” तो म्हणाला, “पण झाड पाहून इचाराचं काम माझं होतं. ते झाड मले मालूम नव्हतं. तरी मी तांदूळ टाकलो. तुयं काम होते म्हणून टाकलो.”

त्याने आणखी दोन टोळ्या फोडल्या, गर बाजूच्या टोपलीत टाकला. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, “तुयी परीक्षा होती ना, भाऊ? झाला पास?”

“झालो.”

तो हसला. “बरं झालं. तुले तरी लागू पडला माझा पंडुम.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रडून मोकळा झालो असतो. म्हाताऱ्याला खरंच बरं वाटलं होतं. त्याने ओंजळभर टोळ्या माझ्यासमोर सरकवल्या आणि फोडायला दगड दिला. एसटीची वेळ होईपर्यंत मी त्याच्याशेजारी बसून त्या फोडत राहिलो.